क्लाइनमन, आर्थर

(जन्म १९४१). अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आणि वैद्यकीय मानवशास्त्रज्ञ. हार्वर्ड विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन. रोग आणि आजारपण यांतला फरक त्यांनी वैद्यकापुढे ठामपणे मांडला. रोग डॉक्टर तपासून ठरवतो. आजारपण रोगी भोगतो आणि घरातले कुणीतरी ते ‘काढते’.

वैद्यकीय विद्यार्थी असताना भाजलेल्या सात वर्षांच्या मुलीचा हात धरून बसण्याचे काम त्यांच्याकडे आले. रोज पाण्यात बसवून तिच्या जखमांवरची मेलेली कातडी काढत; ती किंचाळत असे. समजूत घालून थकल्यावर त्यांनी तिलाच विचारले, ‘हे तू सोसतेस तरी कसे?’ तिने हात घट्ट धरला आणि ती सांगू लागली. त्यानंतर तिचे किंचाळणे थांबले. ‘द इलनेस नॅरेटिव्ह्ज’ (१९८८) या ग्रंथाच्या आरंभीच ही आठवण येते.

तैवानमधील वैदू, देवऋषी आणि डॉक्टर यांच्या अभ्यासातून ‘पेशंट्स अँड हीलर्स’ (१९८०) हे पुस्तक झाले. हे दुखणे कशामुळे आले, आत्ताच का आले, सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, हे रोग्याला विचारावे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे या प्रश्नांची नुसती यादी झाली आणि डॉक्टर ती यांत्रिकपणे वापरू लागले, हे त्यांनाही खटकले. १९८० मध्ये चीनच्या हूनान प्रांतात ‘नसांची कमजोरी’ असे निदान झालेले १०० रोगी त्यांनी तपासले. ८७ जणांत तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. हे रोगी मात्र डोकेदुखी, चक्कर, निद्रानाश यांविषयी बोलत. सांस्कृतिक क्रांतीत होरपळलेल्या समाजात मनाचे दुखणे उघड बोलणे धोक्याचे होते, डोके दुखते म्हणणे नव्हते. ‘सोशल सफरिंग’ (१९९७) हा ग्रंथ त्यांनी वीणा दास व मार्गारेट लॉक यांच्यासह संपादित केला.

पत्नी जोन या चीनविद्येच्या अभ्यासक आणि संशोधनातल्या सहकारी. त्यांना साठीच्या आतच अल्झायमर जडला, दृष्टीही गेली. संसार तोवर जोनच सांभाळत. आता आंघोळ घालणे, कपडे चढवणे, भरवणे, हात धरून चालवणे हे क्लाइनमन शिकले, आणि २०११ मध्ये जोन गेल्या तोवर सुमारे दहा वर्षे ते चालले. ‘द सोल ऑफ केअर’ (२०१९) मध्ये त्यांनी स्वतःच्या चिडचिडीसह हे सारे लिहिले आहे. आधीचे ग्रंथ विद्वत्तेचे आहेत. सर्वांत खरा मात्र हा वाटतो, कारण इतकी वर्षे इतरांना विचारलेले प्रश्न इथे ते स्वतःला विचारतात.