घोडीपाशीचा स्पंज आणि घोडीवरचा दोरा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या भागातल्या सभागृहांत एका संध्याकाळी शास्त्रीय गायन असते, तर दुसऱ्या संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. पहिल्यात गायकाच्या मागे तंबोरा असतो, दुसऱ्यात बास गिटार. दोन्ही वाद्ये बहुधा चार तारांची आणि दोन्ही गाण्याला खालून आधार देणारी. मात्र घोडीपाशी, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या पट्टीपाशी, त्यांच्या कारागिरांनी नेमक्या उलट युक्त्या योजल्या. का, ते पाहू.

झाकणाखालचा स्पंज

कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ ही विजेवर चालणारी बास गिटार बाजारात आणली. तोवर खर्जासाठी वाद्यवृंदात माणसापेक्षा उंच असा डबल बास असे. त्याच्या आतड्याच्या तारेचा स्वर ‘ठुम्’ असा उमटून चटकन विरतो. धातूच्या तारेचा स्वर मात्र रेंगाळतो. श्रोत्यांचे कान जुन्या आवाजाला सरावलेले. म्हणून घोडीवर क्रोमचा मुलामा दिलेले झाकण आले आणि त्याच्या आत स्पंजासारख्या रबराची पट्टी बसली. ही पट्टी तारांना टेकून त्यांची ऊर्जा शोषून घेई.

रचनाकाराने एक योजले, वादकांनी दुसरेच केले. झाकण हाताला अडते म्हणून अनेकांनी ते काढून टाकले. त्याचा उपयोग राख झाडायला होऊ लागला आणि ‘अॅशट्रे’ हेच त्याचे नाव पडले! झाकणाबरोबर स्पंजही गेला. १९६० च्या दशकात गुळगुळीत तारांऐवजी खरखरीत वेटोळ्यांच्या तारा आल्या आणि बासचा आवाज लखलखीत झाला. अमेरिकेतील डेट्रॉइटचे प्रसिद्ध वादक जेम्स जेमरसन यांनी मात्र स्पंज आणि गुळगुळीत तारा दोन्ही सोडल्या नाहीत.

तारेखालचा दोरा

आता आपल्या मिरजेकडे वळू. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांची परंपरा त्यांच्यापासून मानतात.

तंबोऱ्याची घोडी धारदार नसते. ती रुंद आणि किंचित बाकदार असते. हा बाक कानाने पारखत कानशीने घासणे म्हणजे जवारी काढणे. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. त्यामुळे तार केसभर उचलली जाते आणि कंप पावताना घोडीच्या बाकाला हलकेच घासत राहते. तिचा टेकण्याचा बिंदू मागेपुढे सरकतो. मूळ स्वराची काही ऊर्जा अशा रीतीने वारंवार वरच्या उपस्वरांकडे जाते. तंबोऱ्याचा झंकार तो हाच. स्पंज उपस्वर मारतो, दोरा ते जागवतो.

१८०० साली टॉमस यंग यांनी दाखवले होते, की ज्या बिंदूवर तार छेडावी तेथे ज्या उपस्वरांचा निस्पंद असतो, ते उपस्वर उमटत नाहीत. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लेख लिहून दाखवले, की तंबोरा हा नियम पाळत नाही. नियम चुकीचा नव्हता. तो स्थिर टोकांच्या तारेसाठी होता आणि तंबोऱ्याच्या तारेचे टोक स्थिर नसते. कारागिरांच्या हातांनी फार पूर्वी साधलेल्या गोष्टीचे कारण विज्ञानाला विसाव्या शतकात उमगले.

वर्गात करून पाहा

सोनोमीटरची तार बरोबर मध्यावर छेडा आणि लगेच तेथेच बोटाने हलका स्पर्श करा. आवाज जवळजवळ बंद होतो, कारण मध्यावर निस्पंद असणारे उपस्वर उमटलेलेच नसतात. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यावर हेच करा. वरच्या सप्तकातला स्वर ऐकू येत राहील. मग दोरा काढून पुन्हा ऐका. सोनोमीटरच्या घोडीजवळ स्पंजाचा तुकडा ठेवून तिसरा आवाजही ऐका. तिन्ही आवाजांतील फरक विद्यार्थ्यांनीच आपल्या शब्दांत लिहावेत.

पुढे काय?

तंबोऱ्याची घोडी पूर्वी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाचीही करत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि पुढील निर्बंधांमुळे उंटाचे हाड व कृत्रिम पदार्थ पुढे आले, आणि ते योग्यच झाले. पण नव्या पदार्थाचा कडकपणा वेगळा, झीज वेगळी. त्यामुळे कानशीचा हातही नव्याने बसवावा लागतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाचे रक्षण होते, हाताचे होत नाही.

बासचा स्पंज हरवला, तरी तो कोणालाही पुन्हा लावता येतो. जवारीचा बाक मात्र कोणत्याही नकाशावर उतरवलेला नाही. एक कारागीर दुसऱ्याला तो कानानेच शिकवतो. ही साखळी तुटली, तर रामन यांनी ज्याचे कारण सांगितले ते ऐकायलाच मिळणार नाही. मिरजेला सहल गेलीच, तर विद्यार्थ्यांना सतारमेकरांच्या दुकानात जरूर न्यावे.