कवडीचे मोल

चंदगड तालुक्याच्या पश्चिम टोकाला पारगड आहे. कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि गोवा यांच्या हद्दी इथे जवळ येतात. शिवाजी महाराजांनी १६७६ च्या सुमारास हा गड वसवला आणि तानाजी मालुसरे यांचा मुलगा रायबा याला किल्लेदार नेमले, असे परंपरा सांगते. ज्याचे लग्न बाजूला ठेवून तानाजी कोंढाण्यावर गेले आणि ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री पडले, तोच हा रायबा. चंद्रसूर्य असेतो गड जागता ठेवा, ही आज्ञा शिरोधार्य मानून आलेल्या घराण्यांचे वंशज आजही गडाशी नाते राखून आहेत.

मालुसरे घराण्याने दोन वस्तू जपल्याचे सांगितले जाते. एक तानाजींची तलवार. दुसरी महाराजांच्या गळ्यातली म्हणून पुजली जाणारी कवड्यांची माळ. ज्याला काही किंमत नाही त्याला आपण कवडीमोल म्हणतो. मालदीवच्या समुद्रातून आलेली कवडी इथल्या बाजारात कित्येक शतके सर्वांत हलके चलन होती, त्यावरूनच हा शब्द आला. पण तीच कवडी भवानीच्या भक्ताच्या गळ्यात गेली की तिला मोल उरत नाही, मान मिळतो.

‘माळ खरी का?’ असे मला अनेकदा विचारले जाते. माझ्या मते हा एक प्रश्न नसून तीन आहेत. वस्तू किती जुनी? ती कोणाची? आणि ती त्यांची आहे, असे लोक केव्हापासून सांगत आले? पहिल्याचे उत्तर तज्ज्ञ देऊ शकतो. मराठ्यांच्या कित्येक तलवारींची पाती युरोपातून आलेली असत, म्हणून त्यांना ‘फिरंग’ म्हणत. वापरातल्या हत्याराची मूठ बदलली जाई, त्यामुळे पाते आणि मूठ वेगवेगळ्या काळातली असू शकतात. कवडीचे वयही कदाचित काढता येईल, पण ती कोणाच्या गळ्यात होती हे कुठलीही प्रयोगशाळा सांगणार नाही. त्यासाठी कागद हवा. कागद नसेल, तर वस्तू एकाच घराण्यात अखंड राहिल्याची साखळी हवी. ही साखळी तुटली की उरतात त्या नुसत्या कवड्या.

बाजार याच्या नेमका उलटा चालतो. माझ्याकडे दरवर्षी कोणीतरी तांब्याचे नाणे घेऊन येतो. एका बाजूला राम-सीता किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ साल. ते तांदूळ ओढते, लाखोंना जाते, असे कोणीतरी त्याच्या कानात सांगितलेले असते. कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही. साऱ्या हिंदुस्थानासाठी एकसारखे नाणे तिने १८३५ मध्ये आणले. अशा खोट्या नाण्यासाठी लोक कर्ज काढतात आणि त्याच घरातला तांब्याचा हंडा मात्र किलोच्या भावाने मोडीत घालतात. त्या हंड्याच्या काठावर टोचून काढलेले नाव असते, कधी गाव आणि साल असते. कोणत्या माहेराहून कोणती लेक कुठे नांदायला आली, याचा तो लेखच असतो. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तूंचा संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. म्हणून आज आपण त्या वस्तूंना इतिहास म्हणतो.

कागदांचे तर विचारूच नका. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होते. राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला. त्यामुळे इथले जुने व्यवहार दोन जिल्ह्यांत विखुरले आहेत. त्यातच हेरे सरंजामाच्या जमिनी. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांना त्यांवर पूर्ण हक्क मिळवण्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. अशा मुलखात माळ्यावरचे मोडी दप्तर ‘वाचता येत नाही’ म्हणून बंबात घालणे म्हणजे आपलाच साक्षीदार जाळणे. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून अशीच दप्तरे मिळवली आणि १८९८ पासून ती छापली.

अनेकजण कायद्याच्या भीतीने वस्तू लपवतात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांची वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांचे महत्त्वाचे हस्तलिखित पुरावशेष ठरते. ते घरात ठेवायला बंदी नाही. मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. पुरावशेषांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. जमिनीत सापडलेल्या धनाला मात्र १८७८ चा वेगळा कायदा आहे आणि त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते.

आता दिवाळीची साफसफाई होईल आणि माळे रिकामे होतील. मुले मुंबईला, पुण्याला, गोव्याला; गावातले घर कुलपात. वस्तू वाटल्या जातील, काही विकल्याही जातील. त्याला माझा विरोध नाही. फक्त त्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला शेजारी बसवावे आणि एकेक वस्तू तिच्या हातात द्यावी. कुठून आली, कोणी आणली, कोणाच्या वेळची, हे ती सांगेल तसे वहीत लिहावे, खाली तारीख घालावी आणि वस्तूचा फोटो जोडावा. साध्या शाळेच्या वहीत हे काम होते. पण ती बाई पुढच्या दिवाळीला असेलच असे नाही.