संगीतरचनाकारांचे चरित्रपट

संगीतरचनाकाराच्या जीवनावरील चित्रपटांत इतिहास व कल्पनास्वातंत्र्य यांचा संबंध इतर ऐतिहासिक चित्रपटांहून गुंतागुंतीचा असतो. घटनांतील फेरफार सहज ओळखता येतो. ‘बैजू बावरा’मध्ये (१९५२) बैजू अकबराच्या दरबारात तानसेनाला जिंकतो, परंपरा मात्र त्याला ग्वाल्हेरच्या मानसिंह तोमराच्या (कार. १४८६–१५१६) दरबाराशी जोडते, आणि अकबर गादीवर आला १५५६ मध्ये. मोट्सार्टवरील ‘अमेडिअस’ (१९८४) या चित्रपटातील सालिएरीचा मत्सरही असाच रंगविलेला आहे. प्रत्यक्षात मोट्सार्टचा धाकटा मुलगा पुढे त्याच सालिएरीचा शिष्य झाला.

चालींचा प्रश्न निराळा आहे. पेशवाईतील लावण्यांचे शब्द बाडांतून व गायकांच्या स्मरणातून टिकले. त्यांच्या चाली त्या काळी स्वरलिपीत नोंदविल्या गेल्या नाहीत. या विषयावरील प्रमुख मराठी चित्रपट कोल्हापूरच्या परंपरेतील आहेत. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सिंहगड’सारख्या (१९२३) मूकपटांत पोशाख, शस्त्रे व नेपथ्य यांविषयी कटाक्ष बाळगला. दामले, फत्तेलाल व शांताराम तेथेच तयार झाले. ही दृष्टी डोळ्यांना दिसणाऱ्या इतिहासाची होती, व मूकपटाला ती पुरेशी होती. बोलपट आल्यावर कानांनी ऐकावयाचा इतिहासही पुरविणे भाग पडले.

दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’साठी (प्रभात, १९३६) शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग अनेकांनी तुकारामांचाच मानला. अनुकरणाचे ते यश खरे. परंतु गाथेशी परिचय नसलेल्या श्रोत्याची त्यामुळे दिशाभूल झाली, हेही तितकेच खरे. पेंटर व शांताराम यांच्या ‘लोकशाहीर राम जोशी’मध्ये (१९४७) राम जोशींच्या मूळ लावणीबरोबर ग. दि. माडगूळकरांची गीते आहेत. दोन्हींना चाली वसंत देसाई यांच्या असल्याने जुने कोणते व नवे कोणते हे ऐकून कळत नाही. बया या कलावंतिणीला मिळालेले नायिकेचे स्थानही मुख्यतः आख्यायिकेवर आधारलेले आहे.

शांताराम यांच्या ‘अमर भूपाळी’मध्ये (१९५१) दुसऱ्या बाजीरावाच्या (कार. १७९६–१८१८) काळातील होनाजीचे चरित्र आले आहे. ‘होनाजी बाळा’ हे एका व्यक्तीचे नाव नव्हे. होनाजी शिलारखाने कवने रची आणि बाळा करंजकर ती गाई. चित्रपटात मात्र भूपाळी होनाजीच्याच तोंडी आहे, आणि ती पंडितराव नगरकर व लता मंगेशकर यांनी गायिली आहे. नायक स्वतः गात नसेल तर संगीतपट उभा राहणे कठीण, म्हणून हे स्वातंत्र्य समजण्यासारखे आहे. पण त्यात बाळाचा वाटा झाकला गेला. ही भूपाळी पुढे घरोघरी गायिली जाऊ लागली, ती वसंत देसाई यांच्या चालीत.