फेझच्या बाजारातील वाटा

उत्तर आफ्रिकेतील जुन्या शहरांना भेट देऊ इच्छिणाऱ्या प्रवाशाला जे सल्ले दिले जातात, त्यांत एक शब्द हटकून येतो : चक्रव्यूह. गल्ल्यांत हरवाल, वाटाड्या बरोबर घ्या, घासाघीस केल्यावाचून काही विकत घेऊ नका. हे सल्ले निरुपयोगी आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु या शहरांना काही रचनाच नाही, असे एक गृहीत त्यांत दडलेले असते. ते कितपत खरे आहे, हे मोरोक्कोतील फेझ शहराच्या आधारे पाहू.

फेझची स्थापना इद्रिसी राजवटीच्या आरंभी, आठव्या शतकाच्या अखेरीस झाली. पुढे नदीच्या एका तीरावर कॉर्डोबाहून परागंदा झालेले लोक वसले, तर दुसऱ्या तीरावर कैरवानहून आलेले. या दुसऱ्या तीरावरील करवियीन मशीद परंपरेनुसार ८५९ सालची, आणि शहराचा मुख्य बाजार तिच्याभोवती वाढला.

या बाजाराचे तपशीलवार वर्णन हसन अल-वज्जान याने करून ठेवले आहे. ग्रनाडात जन्मलेला आणि फेझमध्ये वाढलेला हा माणूस १५१८ साली चाच्यांच्या हाती सापडून रोमला पोपच्या दरबारी पोहोचला, आणि युरोपात लिओ आफ्रिकानस या नावाने ओळखला जाऊ लागला. आफ्रिकेविषयीचा त्याचा इटालियन ग्रंथ १५५० साली व्हेनिसमध्ये छापला गेला. फेझचा बाजार तो मशिदीपासून सांगू लागतो : भिंतीलगत दस्तऐवज लिहिणारे, मग ग्रंथविक्रेते, मग पादत्राणांचे व्यापारी, आणि पुढे एकेका व्यवसायाची एकेक आळी. हरवण्याची भीती या वर्णनात कोठेही नाही, कारण लिहिणाऱ्याला शहराचा क्रम ठाऊक होता.

हा क्रम आजही वाचता येतो. मशिदीनजीक अत्तरे आणि मसाले यांचा बाजार. त्याच्याच नावाने ओळखला जाणारा अत्तारीन मदरसा १३२५ साली पूर्ण झाला. शेजारी किसारिया, म्हणजे उंची कापडाची बंदिस्त पेठ. हा शब्द ‘सीझर’ या नावावरून आला. माल आणि व्यापारी यांच्या मुक्कामासाठी फुंदुक. कातडी कमावणाऱ्यांना पाणी हवे आणि दुर्गंध घरांपासून दूर हवा, म्हणून त्यांचे हौद नदीकाठी. नियमाला अपवादही आहेत. तांबटांचा चौक करवियीनच्या ग्रंथालयाच्या अगदी शेजारी आहे, आणि हातोड्यांचा नाद वाचकांच्या कानी पडतच असतो.

मग चक्रव्यूहाची प्रतिमा बळावली कशी? गोंधळलेल्या परक्या प्रवाशांचा तीत वाटा आहेच. पण १९१२ साली मोरोक्को फ्रेंच संरक्षणाखाली गेला, ही घटना अधिक महत्त्वाची. पहिले रेसिडेंट-जनरल ल्योते यांनी जुन्या शहरांना हात न लावता युरोपीयांसाठी शेजारी नवी शहरे वसवण्याचे धोरण स्वीकारले आणि नगररचनाकार प्रोस्त यांनी त्यांचे आराखडे केले. हेतू जतनाचा सांगितला गेला. परंतु कचेऱ्या, बँका आणि भांडवल नव्या शहरात गेले, आणि जुन्या शहरात गर्दी व दारिद्र्य साचले. जॅनेट अबू-लुघोद यांनी रबातवरील १९८० च्या ग्रंथात या विभागणीला नागरी वर्णभेद म्हटले आहे. कारभार बाहेर गेल्यावर जुने शहर प्रेक्षणीय उरले, आणि प्रेक्षणीय वस्तूला तर्क असण्याची कोणी अपेक्षा करीत नाही. पर्यटक आज ज्या निळ्या बाब बूजलूद दरवाजातून आत शिरतात, तोही १९१३ सालचा आहे. १९८१ साली हे शहर जागतिक वारसा ठरले.

तेव्हा प्रवाशाला आमचा सल्ला इतिहासातूनच निघतो. बूजलूदपासून निघणाऱ्या दोन्ही मोठ्या वाटा करवियीनच्या दिशेने उतरत जातात. वाट चुकल्यास उतार धरावा. दुकानांत काय विकले जाते ते पाहावे, म्हणजे मशीद जवळ आली की दूर गेली हे कळते. मागून ‘बालाक!’ अशी आरोळी आली, तर लादलेल्या गाढवाला वाट द्यावी. ज्या मालासाठी या गल्ल्या घडल्या, तो अजून त्यांतूनच वाहिला जातो, आणि पाहुण्याइतकाच त्याचाही या वाटेवर हक्क आहे.