काजळीची बखर

इतिहासकारांनी तलवारींचा इतिहास लिहिला, गडकोटांचा लिहिला, फार काय, पेशव्यांच्या पंगतींचाही लिहिला. पण इंजिनात साचणाऱ्या काजळीची बखर लिहायला कोणी मराठी गडी पुढे आला नाही. ज्या पुण्यात माणशी एक मत आणि घरटी एक स्कूटर होती, त्या पुण्यात ही उणीव राहावी हे काही बरं नाही. तेव्हा हे कार्य मीच शिरावर घेतो.

काजळी म्हणजे इंजिनाची खरवड. पेट्रोल आणि ऑइल पुरतं जळलं नाही की जे उरतं, ते पिस्टनच्या माथ्यावर, हेडच्या घुमटात आणि धुराच्या वाटेवर थर धरून बसतं. हा थर तापून निखाऱ्यासारखा झाला की ठिणगी पडायच्या आत पेट्रोल पेटवून मोकळा होतो. इंजिन ठकठकायला लागतं. काही गाड्या तर किल्ली काढून घेतली तरी सुरूच राहतात. निरोप घेऊन झाल्यावर दारात अर्धा तास बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यांसारख्या.

मोटारीच्या बालपणी ही खरवड काढणं हे मोटारवाल्याचं नित्यकर्मच होतं. पिस्टन असायचे बिडाचे. आपल्या घावनाच्या तव्याचं जे बीड, त्याच जातीचं. त्याला कितीही खरवडा, ते मनावर घेत नाही. रात्री गरम इंजिनात प्लगच्या भोकातून रॉकेल ओतायचं आणि सकाळपर्यंत भिजत ठेवायचं, हा घरगुती उपाय. अमेरिकेतल्या गॅरेजवाल्यांनी त्यापुढे जाऊन सिलिंडरमध्ये ऑक्सिजन सोडला आणि काजळी आतल्या आत जाळली. प्लगच्या भोकातून भुईनळा उडायचा म्हणे! १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीला हेड वेगळं निघण्याची सोय होती, म्हणून तिथे दिवाळीवाचून भागत असे.

आणि मग एका पेपरवेटने घात केला. डब्ल्यू. ओ. बेंटली नावाचा इंग्रज तरुण डी.एफ.पी. या फ्रेंच कंपनीच्या मोटारी इंग्लंडात विकायचा. १९१३ साली तो कारखान्यात गेला असताना टेबलावर त्याला पिस्टनच्या आकाराचं ॲल्युमिनियमचं पेपरवेट दिसलं. आपण असतो तर त्याखाली कागद ठेवून गप्प बसलो असतो. बेंटलीने खरोखरीचे पिस्टनच त्या धातूचे करून घेतले. अठ्ठ्याऐंशी भाग ॲल्युमिनियम, बारा भाग तांबं. वजनाला हलके आणि उष्णता झटकन वाहून नेणारे. महायुद्धात ते विमानांत गेले आणि पुढे सगळ्यांच्याच गाड्यांत आले.

इथे काजळीच्या इतिहासाला कलाटणी मिळाली. ॲल्युमिनियम पडलं मऊ. बिडाला चालणारी लोखंडी पट्टी त्याच्या माथ्यावर चर पाडू लागली, आणि त्या चरांत पुढची काजळी जास्तच घट्ट बसू लागली. कॉस्टिक सोड्यात लोखंडी सायलेन्सर लख्ख होतो, पण ॲल्युमिनियमचं हेड बुडवलं तर सोडा काजळी सोडून हेडच खातो. वर हायड्रोजनचे बुडबुडे येतात. बघणाऱ्याला वाटतं, काय छान साफ होतंय!

आमच्या देशात ही विद्या घरोघर पोचवली ती टू-स्ट्रोक स्कूटरने. तिच्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, म्हणजे खरवडीचा रतीबच. १९७२ साली चेतक आली. लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे. आमच्या वडिलांचा नंबर लागला तेव्हा ज्या मुलाला पुढे उभं करून मिरवायचं होतं, तो मागच्या सीटवर मावेनासा झाला होता. कात्रजच्या चढावर गाडीचा श्वास कोंडायला लागला की वडील म्हणायचे, "कार्बन झालाय." आणि आम्ही मिस्त्रींकडे जायचो.

मिस्त्री इंजिन गार झाल्याशिवाय हात लावत नसत. मग चार नट तिरपे-तिरपे, थोडे-थोडे ढिले करून हेड उचलायचे. पिस्टन वर आणून कडेच्या फटीत ग्रीस भरायचे, म्हणजे कचरा आत जाऊ नये. काजळी रॉकेलने भिजवायची आणि बांबूची कामटी किंवा चपटी ठोकलेली डागाची तार घेऊन बसायचं. पोरगा पेचकसाकडे वळला की ओरडायचे, "खपली काढायचीय रे, कातडं नाही!" एवढीच त्या विद्येची गीता. हत्यार काजळीहून कडक हवं आणि धातूहून मऊ. आमची आजी दुधाच्या पातेल्याची खरवड शिंपल्याने काढायची, तिला हे बेंटलीच्या पेपरवेटशिवायच ठाऊक होतं.

भिजवण्याला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं ते २००० साली. त्याआधीच्या काजळीत शिसं असतं, म्हणून ती कोरडी खरवडून फुंकायची नाही.

२०२० साली चेतक परत आली ती विजेवर. तिला काजळीच नाही, त्यामुळे बखरही नाही. जुन्या चेतकचे अस्सल भाग आता शोधावे लागतात आणि ड्रिलला तारेचा ब्रश लावून "पाच मिनिटांत चकाचक करून देतो" म्हणणारे मात्र न शोधता सापडतात. चकाचक होतं, खरं आहे. फक्त काजळीबरोबर गेलेला धातू परत येत नाही. नव्या मोटारींच्या व्हॉल्व्हवरची काजळी हल्ली अक्रोडाच्या कवचांचा भुगा मारून काढतात. म्हणजे शंभर वर्षं हिंडून शास्त्र परत आजीच्या शिंपल्यापाशी आलं.

जुन्या इंग्रजी मोटारींच्या पुस्तकांत एक गमतीचा सल्ला असे. पिस्टनच्या माथ्यावरची सगळी काजळी काढा, पण अगदी कडेचं बारीक कडं तेवढं राहू द्या. झिजलेल्या इंजिनात ते ऑइलला वर चढू देत नाही. हा सल्ला मी आमच्या घरच्या दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी मांडतो. अजून कोणी मानलेला नाही.