पहाटे चारपर्यंत

मुझफ्फरपूर, बिहार. जूनचा पहिला आठवडा. लिचीची तोडणी जोरात आहे आणि उकाडा रात्रीही उतरत नाही.

पुढचा घटनाक्रम कुणा एका मुलाचा नाही. २६ मे ते १७ जुलै २०१४ या काळात इथल्या दोन रुग्णालयांत ३९० मुलं सारख्याच लक्षणांनी दाखल झाली आणि त्यांतली १२२ दगावली. बहुतेक एक ते पाच वर्षांची. त्यांच्या कहाण्या एकमेकींशी इतक्या जुळतात की एका मुलाच्या एका रात्रीत त्या सांगता येतात.

दुपारी ३

आईवडील बागेत मजुरीला आहेत. तोडायचं, निवडायचं, खोक्यांत भरायचं. मूल झाडाखाली खेळतंय. चांगली शाही लिची बाजारात जाते. खाली पडलेली, चिरलेली, अर्धीकच्ची लिची पोरांच्या वाट्याला येते. सकाळपासून दुसरं फारसं काही पोटात गेलेलं नाही, त्यामुळे मूल ती भरपूर खातं.

लिची रिठ्याच्या कुळातली. या कुळातल्या काही फळांत हायपोग्लायसिन-ए नावाचं विष निसर्गतःच असतं. लिचीत त्याच्या जोडीला एमसीपीजी हे त्याचंच भावंडही असतं. २०१४ मध्ये तपासलेल्या लिचीच्या गरात दर ग्रॅमला १२.४ ते १५२ मायक्रोग्रॅम हायपोग्लायसिन-ए सापडलं. ना फवारणी, ना भेसळ, ना कुजकेपणा. धुऊन खाल्लं तरी ते जात नाही. आणि तरीही पोटभर जेवणाऱ्या मुलाने लिची खाल्ली, तर सहसा त्याला काही होत नाही. म्हणजे या क्षणी तरी अजून काहीच बिघडलेलं नाही.

सायंकाळी ७

मूल दमून झोपी गेलंय. आई हाक मारते, ते कूस बदलतं. पोट लिचीने भरलंय, भूक नाही. दिवसभर उन्हात राबलेली आईसुद्धा मग त्याला उठवत नाही.

माझ्या मते सगळी रात्र या घटकेवर टांगलेली आहे. दिल्लीचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आणि अमेरिकेचं सीडीसी यांनी मिळून केलेला त्या वर्षीचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आजारी मुलांची तुलना त्यांच्याच वयाच्या, दुसऱ्या कारणांनी दाखल झालेल्या मुलांशी केली होती. लिची खाऊन रात्री जेवलेल्या मुलांत आजाराची शक्यता साधारण साडेतीनपट वाढलेली दिसली. लिची खाऊन न जेवता झोपलेल्यांत जवळजवळ आठपट. मधला फरक एका जेवणाचा. भात-डाळ, नाहीतर नुसती पोळी आणि गूळ. ज्या घरात रात्रीची चूल रोज खात्रीने पेटते, त्या घराला या वाक्यातलं भय कळणार नाही.

रात्री ११

मूल शांत झोपलंय. अंगात ताप नाही. आत मात्र हिशेब सुरू झालाय. रक्तातली साखर टिकवण्यासाठी यकृत आपल्या कणगीतलं ग्लायकोजेन काढू लागतं. मोठ्या, धडधाकट माणसाची कणगी रात्र सहज काढते. लहान मुलाची मुळातच छोटी, आणि कुपोषित मुलाची तर तळाशीच गेलेली. उलट खर्च मोठा: चार-पाच वर्षांच्या वयात शरीर स्वस्थ असताना निम्म्याहून जास्त ऊर्जा एकटा मेंदू वापरतो.

पहाटे २

ग्लायकोजेन संपलं. आता शरीराकडे दुसरी वाट आहे: चरबी जाळायची, त्या ऊर्जेवर यकृतात नवी ग्लुकोज बनवायची, आणि मेंदूला पर्याय म्हणून कीटोन पुरवायचे. कितीतरी पोरं उपाशी झोपतात आणि सकाळी उठून खेळायला लागतात, ती याच वाटेच्या बळावर.

दुपारच्या लिचीतलं विष नेमकी हीच वाट अडवतं. शरीरात त्याचं जे रूपांतर होतं, ते चरबी जाळणाऱ्या विकरांना निकामी करतं. चरबी अर्धवट जळून आम्लं साचतात. नवी ग्लुकोज बनत नाही, कीटोनही बनत नाहीत. साखर सत्तरच्या खाली येते, मग साठच्या, मग पन्नासच्या. मूल झोपेत आहे, आईला काही दिसत नाही.

पहाटे ४

किंकाळी. हातपाय ताठ, डोळे फिरलेले, दात घट्ट बसलेले. झटके थांबतात, पण मूल शुद्धीवर येत नाही. गावात याला 'चमकी बुखार' म्हणतात, जरी २०१४ मधल्या निम्म्याहून अधिक मुलांना दाखल होताना ताप नव्हता.

या वेळी जवळच्या आरोग्य केंद्रात बोटाला टोचून साखर मोजली आणि शिरेतून दहा टक्के डेक्स्ट्रोज दिलं, तर मूल परत येऊ शकतं. औषध महाग नाही, दुर्मीळही नाही. लागतं ते इतकंच: दार उघडं, माणूस जागा, ग्लुकोमीटर चालू.

पहाटे ५:३०

वाहन मिळायला तास गेला. आता शहराचा रस्ता. या वाटेवरचं प्रत्येक मिनिट उपाशी मेंदूच्या खात्यातून जातं.

सकाळी ७

शहरातलं रुग्णालय, एका खाटेवर दोन-दोन मुलं. २०१४ च्या रुग्णांत दाखल होतानाच्या साखरेचा मध्यांक होता ४८. मणक्यातून पाणी काढलं तर ते बहुतेकांत स्वच्छ: जंतुसंसर्गाची खूण नाही, सूज नाही.

वर्षानुवर्षं शोध मात्र विषाणूचाच झाला, आणि त्यासाठी कुणाला दोष द्यावासा वाटत नाही. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेल्या विषाणूने २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रातली मुलं अशीच काही तासांत नेली होती. अचानक झटके, गुंगी, मृत्यू. मेंदूज्वर म्हटला की डॉक्टरांच्या मनात आधी तोच प्रकार येणार. मुझफ्फरपूरमध्ये हा आजार १९९५ पासून नोंदला जात होता, दर मे-जूनला यायचा आणि पाऊस पडला की थांबायचा.

उत्तराचा धागा जमैकात होता. तिथलं राष्ट्रीय फळ ॲकी, लिचीच्याच कुळातलं. ते कच्चं खाल्लं की उलट्या, झटके, मृत्यू. १९५० च्या दशकात तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातून हायपोग्लायसिन वेगळं केलं होतं. वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन आणि लखनौचे विषशास्त्रज्ञ मुकुल दास यांनी तो धागा लिचीपर्यंत आणला. २०१४ च्या तपासणीत ७३ पैकी ४८ आजारी मुलांच्या लघवीत या विषांच्या खुणा मिळाल्या. तुलनेसाठी घेतलेल्या १५ मुलांपैकी एकातही नाही. लिची न खाल्लेली मुलंही आजारी पडली, म्हणून उष्माघातापासून कीटकनाशकापर्यंतचे वाद चालू राहिले. पण साखर मोजा आणि ग्लुकोज द्या, हा उपाय वाद मिटण्याची वाट पाहत नाही.

सकाळी ९

ज्यांना ग्लुकोज वेळेत मिळालं, त्यांतली काही डोळे उघडतात, पाणी मागतात. ज्यांचा मेंदू फार वेळ उपाशी राहिला, त्यांची साखर आता ठीक आहे आणि तरी ती जागी होत नाहीत.

अभ्यासानंतर गावोगाव सांगितलं गेलं: लहान मुलांना लिची कमी द्या, रात्री जेवूनच झोपवा, झटका आला की आधी साखर बघा. पुढची काही वर्षं आकडे उतरले. २०१९ च्या जूनमध्ये, कडक उन्हाळ्यात, बिहारमध्ये दीडशेहून अधिक मुलं पुन्हा याच आजाराने गेली. बहुतेक गरीब घरांतली.