सरफोजींनी चर्चमध्ये काय बसवलं?

आमच्या लॅबच्या फ्रीजमध्ये रॉटलेरिनची एक छोटी बाटली आहे. शेंद्रीच्या फळांवर जी लाल भुकटी असते (पूर्वी रेशीम रंगवायला वापरायचे ती), तिच्यातून हे रसायन मिळतं. एक एन्झाइम थांबवायला म्हणून जगभर लोकांनी ते वर्षानुवर्षं वापरलं, आणि मग कळलं की ते त्या एन्झाइमला नीट थांबवतच नाही. ते रडगाणं पुन्हा कधीतरी. आज फक्त नावाबद्दल.

रॉटलेरिन हे नाव आलं शेंद्रीच्या जुन्या शास्त्रीय नावावरून, रॉटलेरा टिंक्टोरिया. आणि ते नाव आलं योहान पीटर रॉटलर या माणसावरून. हा 1776 मध्ये तमिळ किनाऱ्यावर त्रांकबारला, म्हणजे आजच्या तरंगमबाडीला आला. काम लुथरन पाद्र्याचं, आणि जोडीला आयुष्यभर झाडपाला गोळा करणं. त्याच्या आधी 1768 मध्ये याच मिशनचा डॉक्टर म्हणून योहान कोनिग आला होता, तो तर थेट लिनियसचा शिष्य! मी हे वाचत गेलो झाडांसाठी, आणि पोचलो एका चर्चमध्ये, जिथे आपला एक भोसले राजा संगमरवरात उभा आहे. मी येलदरीचा. शाळेत आम्हाला तंजावर म्हणजे एक ओळ होती: शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी तिकडे राज्य करत. बस्स. पुढे काय झालं, कोणी सांगितलं नाही.

आधी त्रांकबार. ही डेन्मार्कची वसाहत. 1706 मध्ये डेन्मार्कच्या राजाने पाठवलेला बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग इथे उतरला आणि 1718 मध्ये त्याने क्रुसाच्या आकाराचं न्यू जेरुसलेम चर्च बांधलं. दर्शनी भागावर राजा चौथ्या फ्रेडरिकचा मुकुट आणि नावाची अक्षरं. म्हणजे आत शिरण्याआधीच कळतं की पैसा कोणाचा. लुथरन लोकांनी मूर्ती-चित्रं सरसकट बाहेर काढली नाहीत, काही प्रोटेस्टंट पंथांनी काढली. वेदी राहिली, पण पुलपीटाचं महत्त्व वाढलं, कारण लोकांच्या भाषेतलं प्रवचन हा त्यांचा मुख्य मुद्दा. म्हणून हे लोक आले की आधी भाषा शिकत.

ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ त्यातलाच. 1750 मध्ये आला, तमिळ शिकला, फारसी शिकला, तंजावर दरबारासाठी मराठीही शिकला. 1778 पासून मुक्काम तंजावरलाच. 1779 मध्ये शिवगंगा तळ्याजवळ, छोट्या किल्ल्यात, त्याचं चर्च उभं राहिलं. बृहदीश्वराचं मोठं देऊळ याच किल्ल्यात आहे. तेव्हा गादीवर तुळजाजी राजे होते. 1787 मध्ये मरताना त्यांनी दत्तक मुलगा सरफोजी याला श्वार्ट्झच्या हवाली केलं. काका अमरसिंह गादीवर बसले, मुलाच्या जिवाला धोका वाटला, म्हणून त्याला मद्रासला हलवलं. तिथे गेरिके नावाच्या दुसऱ्या लुथरन पाद्र्याने त्याचं शिक्षण पाहिलं.

श्वार्ट्झ फेब्रुवारी 1798 मध्ये वारला आणि सरफोजी त्याच वर्षी गादीवर बसले. म्हणजे ज्याने खटपट केली त्याने तो दिवस पाहिलाच नाही. 1801 मध्ये सरफोजींनी लंडनला पत्र लिहून या चर्चसाठी संगमरवरी स्मारक मागवलं. काम मिळालं जॉन फ्लॅक्समनला, त्या काळातल्या इंग्लंडच्या बड्या शिल्पकारांपैकी एकाला. शिल्पात श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहे, सरफोजींनी त्याचा हात धरलाय, सोबत दरबारी, उशाशी पाद्री आणि पायाशी शाळेतली मुलं. समाधीच्या दगडावरच्या इंग्रजी ओळीही सरफोजींनी स्वतः रचल्या.

एक लक्षात घ्या, सरफोजी कधीही ख्रिस्ती झाले नाहीत. 1803 मध्ये त्याच बृहदीश्वराच्या भिंतीवर त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. एकाच किल्ल्यात, एकाच राजाने, काही वर्षांच्या अंतराने केलेली ही दोन कामं. मला तरी यात विरोधाभास दिसत नाही. एक घराण्याचं ऋण, एक गुरूचं.

पण हात धरलेलं हे शिल्प पाहताना मी थोडा सावधही होतो. श्वार्ट्झ कंपनीच्याही कामाचा माणूस होता. 1779 मध्ये मद्रास सरकारने त्याला हैदर अलीकडे बोलणी करायला पाठवलं होतं. कंपनीने मद्रासच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याचं वेगळं संगमरवरी स्मारक उभारलं, ते उगाच नाही. आणि सरफोजींना गादी मिळाली ती कशी? 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला राजवाडा, ग्रंथालय आणि भरपूर वेळ. त्या वेळेचं त्यांनी सोनं केलं (1806 मध्ये देवनागरी मराठीत छापलेली इसापनीती त्यांच्याच छापखान्याची), पण राज्य गेलं ते गेलंच.

आता चर्चमधली एक गोष्ट जी संगमरवराची नव्हती: बसायची जागा. या मिशनच्या मंडळ्यांमध्ये वेल्लाळ आणि परैयर ख्रिस्ती वेगवेगळे बसत. प्रभुभोजनालाही वेल्लाळ आधी. जुन्या लुथरन पाद्र्यांनी, श्वार्ट्झ धरून, हे चालवून घेतलं. हळूहळू जाईल असं म्हणत. 1820 च्या दशकात मिशन अँग्लिकन संस्थेकडे गेलं आणि 1833 मध्ये बिशप विल्सनने हुकूम काढला की हे भेद बंद. केवढा गोंधळ झाला! विरोधकांत सगळ्यात मोठं नाव वेदनायगम शास्त्री, श्वार्ट्झचा लाडका शिष्य, सरफोजींच्या ओळखीतला, तमिळ ख्रिस्ती गीतांचा मोठा कवी. त्याच्या मते बसण्याची पद्धत हा समाजाचा रिवाज, धर्माचा प्रश्न नाहीच. हे वाक्य आपण आपल्या गावांतही ऐकलंय, नाही का? देऊळ, पाणवठा, पंगत, कुठेही.

परैयर मंडळींना तेव्हा काय वाटत होतं, हे दगडात कोणी कोरलं नाही.

तंजावरला गेलात तर मोठं देऊळ पाहून लगेच स्टेशन गाठू नका. मराठी शिलालेख बघा, मग शिवगंगा बागेकडे चालत जा. देवळापासून जवळच आहे. चर्च बाहेरून अगदी साधं दिसतं, ओलांडून पुढे जाल. दार बंद असलं तर आसपास विचारा.